सामन्याची छापील पत्रिका आणि तिचे भवितव्य

इ. स. २०१३ च्या मे महिन्यात लंडन येथील एका लिलावात कागदाचा एक सुटा तुकडा ३५,२५० पौंडांस विकला गेला. त्या कागदावर ना कोणा राजाची मोहोर होती, ना कोणा कवीचे हस्ताक्षर. २५ मार्च १८८२ रोजी केनिंग्टन ओव्हल मैदानावर ओल्ड इटोनियन्स आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघांमध्ये एफ. ए. चषकाचा अंतिम सामना झाला. त्या प्रसंगी काढलेली ती साधी पत्रिका होती. चषकाच्या अंतिम सामन्याची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पत्रिका म्हणून तिला एवढे मोल आले.

या लिलावास पाच वर्षे होतात न होतात तोच, २०१८ च्या जून महिन्यात, इंग्लिश फुटबॉल लीगच्या क्लबांनी आपल्या वार्षिक सभेत एक जुना नियम मोडीत काढला. घरच्या मैदानावरील प्रत्येक सामन्यासाठी क्लबाने पत्रिका छापलीच पाहिजे, असे बंधन तोवर होते. ते यापुढे नको, असे बहुमताने ठरले. या लीगमध्ये तीन श्रेणींचे मिळून ७२ क्लब आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे निर्णयाची व्याप्ती कळते. छपाईचा खर्च वाढलेला, खप उतरलेला, आणि पत्रिकेतून जे कळायचे ते सारे प्रेक्षकाच्या खिशातील दूरध्वनीवर फुकट मिळू लागलेले; क्लबांची ही कारणे हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड होती. दीडशे वर्षे जुना होत आलेला एक कागद जुना झाला म्हणून पूजिला जावा आणि नवा छापणे मात्र परवडू नये, हा विरोधाभास आम्हांस विचार करण्याजोगा वाटला. म्हणून हा लेखनप्रपंच.

तिकडील लोक या वस्तूस नुसते 'प्रोग्रॅम' म्हणतात. आम्ही येथे तिला पत्रिका म्हटले आहे. मराठीत पत्रिका लग्नाची असते आणि जन्माचीही असते. फुटबॉलची पत्रिका या दुसऱ्या जातीला अधिक जवळची आहे, कारण तीही पुढे काय घडणार ते आगाऊ सांगते आणि पुष्कळदा चुकते. हे चुकणेच तिचे सर्वांत मोठे ऐतिहासिक मोल आहे, असे आमचे मत आहे. परंतु त्याकडे क्रमाने येऊ.

पत्रिकेचा उगम पाहू गेल्यास क्रिकेटकडे वळावे लागते. लॉर्ड्सच्या मैदानावर १८४८ साली सामना चालू असतानाच छापलेली धावपत्रके विकली जाऊ लागली. क्रिकेट हा फुरसतीचा खेळ. गडी बाद झाला की कागद पुन्हा यंत्रावर चढवावा, नवी ओळ छापावी आणि उपाहारापर्यंतचा सारा वृत्तान्त प्रेक्षकाच्या हाती द्यावा, एवढी सवड त्यात होती. फुटबॉलचा सामना दीड तासात आटोपतो. खिळे जुळवून होण्याच्या आत निकाल लागलेला असतो. त्यामुळे येथे जे छापायचे ते सामना सुरू होण्यापूर्वीच छापून मोकळे व्हावे लागले. धावपत्रक घडलेले सांगते, पत्रिका घडणार ते सांगते. दोन्ही कागद मैदानाच्या फाटकावर एकाच किमतीत, एक पेनीस, मिळत असले तरी त्यांच्या जाती निराळ्या.

प्रारंभीच्या पत्रकांचे काम एकच होते: कोण कोठे खेळतो आहे ते ओळखता यावे. १८७० च्या दशकातील काही पत्रकांत खेळाडूच्या नावापुढे त्याच्या टोपीचा किंवा पायमोज्यांचा रंग दिलेला आढळतो. कारण त्या काळचे सभ्य गृहस्थ आपापल्या आवडीची टोपी घालून मैदानात उतरत. पुढे गणवेश एकसारखे झाले आणि ही खूण गेली. मग मुद्रकांनी एक सोपी युक्ती योजली. पानावर मैदानाचाच आराखडा मांडायचा. वर एका संघाचा गोलरक्षक, त्याखाली दोन बॅक, मग तीन हाफबॅक, मग पाच फॉरवर्ड. मध्यभागी पंचाचे नाव. आणि त्याखाली दुसरा संघ उलट्या क्रमाने, जणू आरशात पाहावा तसा. कडेला 'उजवी बाजू', 'डावी बाजू' असे शब्द. प्रेक्षकाने कागद समोर धरायचा आणि मैदान व पान एकमेकांशी ताडून पाहायचे. सदऱ्याच्या पाठीवर क्रमांक नव्हते त्या काळात या पानावाचून खेळ पाहणे म्हणजे अनोळखी गावच्या जत्रेत नातेवाईक शोधण्यासारखेच होते.

क्रमांक बरेच उशिरा आले. २५ ऑगस्ट १९२८ रोजी आर्सेनल आणि चेल्सी या क्लबांनी लीगच्या सामन्यांत क्रमांक घालून पाहिले. १९३३ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनच्या खेळाडूंस १ ते ११ व मँचेस्टर सिटीच्या खेळाडूंस १२ ते २२ असे क्रमांक होते. लीगमध्ये ते सक्तीचे झाले १९३९ साली. तोवर पन्नासएक वर्षे प्रेक्षकाचे डोळे म्हणजे ती एक पेनीची पत्रिका.

तिचे दुसरे काम अधिक गमतीचे. मध्यंतरात इतर गावी चाललेल्या सामन्यांची स्थिती कळावी, अशी उत्कंठा प्रत्येकाला असे. क्लब मैदानाच्या कडेला एक लांबलचक फळी उभारीत. तिच्यावर ए, बी, सी अशी नुसती अक्षरे आणि प्रत्येक अक्षराखाली दोन आकडे. कोणते अक्षर म्हणजे कोणता सामना, याची किल्ली मात्र पत्रिकेत छापलेली! ज्याने पत्रिका घेतली नाही त्याने शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावावे, नाहीतर मनातल्या मनात तर्क करीत बसावे. व्यापारी बुद्धीचा हा एक नमुनाच म्हणावा लागेल. आणि ती बुद्धी दीर्घकाळ फळली. खिशात मावणारे ट्रान्झिस्टर रेडिओ आले तेव्हा या फळीचा दरारा ओसरू लागला. छापील पत्रिकेचे एकेक काम दुसऱ्या कोणत्या तरी यंत्राने काढून घेण्याची परंपरा अशी जुनीच आहे. आजच्या दूरध्वनीने ती नव्याने सुरू केलेली नाही.

एकाच कागदाची ही पत्रिका पुस्तिका कशी झाली, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. लिव्हरपूल शहरात एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन वैरी क्लबांची मैदाने तेव्हा स्टॅन्ली पार्क नावाच्या उद्यानाच्या दोन बाजूंना होती. एकाचा मुख्य संघ घरी असला की दुसऱ्याचा बाहेरगावी, आणि त्या दिवशी दुसऱ्याच्या मैदानावर राखीव संघाचा सामना. म्हणून १९०४ पासून पुढे तीसएक वर्षे या दोघांची पत्रिका एकच निघत असे. दर शनिवारी शहर दोन तटांत विभागले जात असता त्या दोन तटांच्या हाती एकच कागद असावा, हे दृश्य मनोहर खरेच. १९०५ साली स्थापन झालेल्या चेल्सीने आणि १९०६ साली ॲस्टन व्हिला क्लबाने आपापल्या पत्रिकांना वृत्तपत्राचे रूप दिले: संपादकीय टिपणे, गेल्या सामन्याचा वृत्तान्त, राखीव संघाच्या वार्ता. त्यांच्या भोवताली जाहिरातींची गर्दी. मद्याच्या भट्ट्या, तंबाखू, टोप्या शिवणारे, ट्रामगाड्या, खोकल्याच्या गोळ्या. खेळाच्या इतिहासकाराला या जाहिरातींचे काही वाटत नाही. परंतु त्या गल्लीचा, त्या पेठेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पानाच्या मधल्या मजकुरापेक्षा कडाच अधिक उपयोगी पडाव्यात.

दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले आणि पत्रिका पुन्हा एका पानावर आली. जुने कागद लगदा करण्यासाठी गोळा केले जात, त्यातही असंख्य पत्रिका गेल्या. युद्ध संपल्यावर मैदाने भरून वाहू लागली. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना मिळून ४ कोटी १२ लाखांवर प्रेक्षक आले, आणि हा उच्चांक कितीतरी वर्षे टिकला. त्याच हंगामात, १९४८ च्या नाताळात, चेल्सीने सोळा पानांची मासिकासारखी पत्रिका काढली. तेथून पुढची वाट सरळ आहे: छायाचित्रे, रंग, गुळगुळीत कागद, ऐंशी ऐंशी पाने, तीन-चार पौंड किंमत. पाने वाढली तसा तीत सामना कमी आणि क्लबाची आत्मस्तुती अधिक दिसू लागली, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही.

मधल्या काळात आणखी एक प्रकार होऊन गेला. चषकाच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांना मागणी फार. निष्ठावान प्रेक्षक कोणता, हे ठरवायचे कसे? क्लबांनी पत्रिकेच्या एका कोपऱ्यात क्रमांक घातलेले कूपन छापण्यास सुरुवात केली. हंगामभर ती कापून एका तक्त्यावर चिकटवायची. ज्याचा तक्ता भरला त्याचा तिकिटावर अग्रहक्क. त्यामुळे राखीव संघाच्या रटाळ सामन्यांच्या पत्रिकाही हातोहात खपल्या. आज त्या काळच्या पत्रिका विकावयास निघतात तेव्हा वर्णनात एक खेदाची ओळ ठरलेली असते: कूपन कापलेले आहे. संग्राहकांच्या लेखी तो दोष आहे. आम्हांस मात्र त्या कातरलेल्या चौकोनात एक माणूस दिसतो. थंडीपावसात उभा राहून त्याने सारे सामने पाहिले, आणि मे महिन्यात वेम्ब्लीला जाण्याची आस धरून कात्री चालविली.

अशीच दुसरी खोड म्हणजे पेन्सिलीच्या खुणा. पत्रिका एक-दोन दिवस आधी छापून तयार असे. शनिवारी सकाळी कोणाचा गुडघा दुखावलेला निघे, कोणाला ताप भरे. सामना सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून बदल सांगितला जाई, आणि मैदानभर हजारो पेन्सिली एकदम खाली वाकत. छापलेल्या नावावर काट, त्याशेजारी नवे नाव, आणि सामना संपल्यावर कोपऱ्यात गोलांचा हिशेब. संग्राहकाला कोरी करकरीत प्रत हवी असते. खुणा असलेल्या प्रतीची किंमत उतरते. इतिहासाच्या अभ्यासकाने नेमकी हीच उतरलेली प्रत उचलावी. छापलेले नाव अपेक्षा सांगते, पेन्सिलीचे नाव घटना सांगते. एकाच कागदावर दोन्ही साक्षी, एक यंत्राची व एक हाताची, अशा लगतलगत बसलेल्या अन्यत्र सहसा आढळत नाहीत.

नंतर लिहिलेला प्रत्येक वृत्तान्त निकाल जाणून लिहिलेला असतो. लेखक कितीही प्रामाणिक असला तरी शेवट ठाऊक असल्याची छाया त्याच्या वाक्यावाक्यावर पडते. पत्रिकेला शेवट ठाऊक नसतो. १८८२ च्या त्या कागदावर इटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ आणि लँकेशायरच्या गिरणगावातून आलेला संघ समोरासमोर छापलेले आहेत. इटनवाल्यांनी तो सामना १-० असा जिंकला. पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्न ऑलिंपिक या दुसऱ्या लँकेशायरी संघाने त्यांना हरविले, आणि हौशी संघाच्या हाती तो चषक पुन्हा कधी गेला नाही. ग्रंथकार या सामन्यास एका युगाची अखेर म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण कागदाला त्याचे काहीच माहीत नाही. त्याच्या दृष्टीने तो शनिवारचा एक सामना आहे, एवढेच. २ सप्टेंबर १९३९ च्या पत्रिकांचेही असेच. दुसऱ्या दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारले, लीग तीन फेऱ्यांवर थांबली, आणि खेळल्याच न गेलेल्या हंगामाचे वेळापत्रक तेवढे कागदावर राहिले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात बर्फाने मैदाने अशी गोठली की चषकाची तिसरी फेरी पुरी व्हायला ६६ दिवस लागले. ज्यांच्यावर छापलेल्या तारखेस चेंडूला कोणी पाय लावलाच नाही, अशा पत्रिका त्या हिवाळ्यातून आपल्यापर्यंत आल्या आहेत. न घडलेल्या गोष्टीचा दस्तऐवज म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने या पाहाव्यात.

परंतु या सर्वांहून वेगळी अशी दोन पत्रिकांची एक जोडी आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमानतळावर मँचेस्टर युनायटेडचा संघ घेऊन निघालेले विमान बर्फाळ धावपट्टीवरून उडू शकले नाही आणि कोसळले. त्या अपघातात एकूण २३ माणसे गेली. त्यांत आठ खेळाडू होते. शनिवारी, ८ तारखेस, ओल्ड ट्रॅफर्डवर वुल्व्हरहॅम्प्टनशी सामना ठरलेला होता व त्याची पत्रिका छापून झाली होती. सामना तहकूब झाला. पत्रिकेच्या बहुतेक सर्व प्रती नष्ट करण्यात आल्या. थोड्या कशाबशा उरल्या. शनिवार नेहमीसारखा उगवणार, असे गृहीत धरून छापलेला तो कागद आहे.

तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीस, शेफील्ड वेन्सडेविरुद्ध चषकाच्या पाचव्या फेरीचा सामना झाला. व्यवस्थापक मॅट बझ्बी म्युनिकच्या रुग्णालयात होते. त्यांचे सहायक जिमी मर्फी यांनी संघ जमवायचा होता. पत्रिका छापायला द्यायची वेळ आली तेव्हा संघात कोण असेल हे खुद्द मर्फींनाही सांगता आले नसते. तेव्हा मुद्रकाने काय केले? एका बाजूस शेफील्डच्या खेळाडूंची नावे रीतीप्रमाणे छापली, आणि दुसऱ्या बाजूस, जेथे युनायटेडची अकरा नावे यायची, तेथे अकरा जागा रिकाम्या सोडल्या. मुखपृष्ठावर क्लबाच्या अध्यक्षांचे निवेदन होते: क्लब पुढे चालू राहील. सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव वाचले गेले आणि जवळजवळ साठ हजार प्रेक्षकांनी ते आपापल्या हाताने लिहून घेतले. त्यांत स्टॅन क्राउदर हे नाव होते. हा खेळाडू ॲस्टन व्हिलाकडून युनायटेडकडे आला तो सामन्यापूर्वी जेमतेम तासभर आधी. अपघातातून वाचलेले हॅरी ग्रेग व बिल फूक्स खेळले. युनायटेडने ३-० असा विजय मिळविला. डंकन एडवर्ड्स हा तरुण खेळाडू त्या वेळी म्युनिकमध्ये मृत्यूशी झगडत होता. दोन दिवसांनी तोही गेला.

त्या अकरा रिकाम्या जागांचे छायाचित्र आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्या जागा सोडताना मुद्रकाला काही प्रभाव साधायचा नव्हता. त्याला माहिती नव्हती, एवढेच. आज तोच प्रसंग आला असता तर पडद्यावरील पानावर शेवटच्या क्षणी अकरा नावे भरली गेली असती, आणि ती एकदा भरल्यावर तेथे कधी काही रिकामे होते याचा मागमूस उरला नसता. पडद्यावरचे पान सतत सुधारले जाते. तीच त्याची सोय आहे. कागद सुधारता येत नाही, त्याच्यावर फक्त लिहिता येते. छापील पत्रिकेच्या भवितव्याची चर्चा करताना खप, खर्च आणि जुन्या आठवणींचा जिव्हाळा या तिन्हींबद्दल भरपूर बोलले जाते. या फरकाबद्दल फारसे बोलले जात नाही.

आमच्या वाचकांस हे अपरिचित वाटू नये. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळी थिएटरच्या दाराशी पदांची पुस्तके विकली जात. गोव्यात तियात्राची हस्तपत्रके आजही वाटली जातात. खेळ संपला की हे कागद वाटेत टाकले जात, पुडी बांधण्यास वापरले जात. आज कोणत्या कंपनीने कोणत्या गावी कोणता प्रयोग लावला, कोणत्या पात्राची भूमिका कोण करणार होता, हे शोधू जाता या चुरगळलेल्या पत्रकांखेरीज पुष्कळदा दुसरा पुरावा हाती लागत नाही. आणि फुटबॉलचे म्हणाल तर ज्या गोमंतकात १८८३ च्या सुमारास शिवोलीस एका आयरिश धर्मगुरूने हा खेळ आणला असे सांगतात, आणि ज्याने २०१२ साली त्याला राज्याचा खेळ म्हणून मान दिला, तेथील जुन्या सामन्यांचा असा कागदोपत्री माग काढू पाहणाऱ्यास किती सायास पडतात, ते करून पाहिल्यावाचून कळणार नाही.

मग भवितव्य काय? २०१८ नंतर काही क्लबांनी छपाई थांबविली, काहींनी ती निवडक सामन्यांपुरती ठेविली, तर पुष्कळांनी बंधन नसतानाही चालू ठेविली. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सामने बंद पडले आणि पुढे रिकाम्या मैदानांवर ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडली. मैदानात एकही प्रेक्षक नाही, तरी क्लबांनी पत्रिका छापल्या आणि लोकांनी त्या टपालाने घरी मागविल्या. खेळाडू ओळखण्यासाठी तर त्या नव्हत्याच. १९९३ पासून प्रीमियर लीगच्या सदऱ्यांवर हंगामभराचा क्रमांक आणि नाव दोन्ही असते. अगदी खालच्या श्रेणींत हौशी मंडळी अजून रात्री जागून आपल्या गावच्या क्लबाची पत्रिका जुळवितात. आणि गावोगावची मैदाने पाहत हिंडणारे असेही काही छांदिष्ट आहेत की, जेथे पत्रिका मिळाली नाही तेथील सामना ते आपल्या यादीत धरीत नाहीत.

ऐंशी पानांची गुळगुळीत पुस्तिका टिकेल, असे आम्हांस वाटत नाही. तीतील मुलाखती, छायाचित्रे आणि आकडेवारी पडद्यावर अधिक चांगली दिसते, आणि तिच्या खर्चाचे समर्थन करणे दिवसेंदिवस कठीण होत जाईल. ती गेली तर आम्हांस फारसे दुःखही होणार नाही. पण १८८२ च्या पत्रकासारखा एक सुटा कागद, एका बाजूस दोन्ही संघ मैदानाच्या आराखड्यात मांडलेले, दुसऱ्या बाजूस तारीख, वेळ, पंच आणि गावातील चार दुकानांच्या जाहिराती, एवढा कोणत्याही क्लबास सहज परवडेल. संघांच्या याद्या सामन्यापूर्वी थोडा वेळ आधी जाहीर होतात. आजची यंत्रे तेवढ्या वेळात काही हजार प्रती काढू शकतात. त्यांतील दोन प्रती गावच्या वाचनालयात आणि एक मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात जावी. मात्र यादी येण्याची वाट न पाहता तो आदल्या दिवशीच छापावा, म्हणजे फाटकावर पत्रिकेसोबत पेन्सिलीही विकता येतील.